सगुणाताईंचं खारं शेत

हर्षद पहिल्यांदा रोह्याला आला तेव्हा त्याने दारातच विचारलं, "म्हात्रे सर इथेच राहतात ना?"

सगुणाताई आत अळूची देठी सोलत बसल्या होत्या. दार मी उघडलं होतं.

"म्हात्रे सर नाहीत," त्या आतून म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला. "वारले का?"

"जन्मलेच नाहीत. एस. जी. म्हात्रे म्हणजे मीच. ये, बस. पावसातून आलास, पाय पूस आधी."

त्याने पाय पुसले. मग वाकून नमस्कार करायला गेला तर ताई म्हणाल्या, "हात अळूचे आहेत, खाज येईल."

हर्षद दूरच्या एका विद्यापीठात भातावर संशोधन करतो. जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्यात त्याला एक निबंध सापडला होता. चाळीस वर्षांपूर्वीचा, इंग्रजीतला. लेखकांची तीन नावं होती. पहिली दोन साहेबांची. त्यांतला एक साहेब त्याला भेटला आणि प्रामाणिकपणे म्हणाला की हे काम आपलं नाही, तिसऱ्या नावाचं आहे. ते नाव शोधत तो रोह्याला पोचला होता.

ताईंकडे मी चार वर्षं येत होते. मी मराठी घेऊन एम. ए. केलं आणि रोह्यातल्या एका वाचनालयात नोकरी करते. ताई तिथे पेपर वाचायला यायच्या. एकदा त्यांनी स्वतः लिहिलेली दोन पानं माझ्यापुढे ठेवली. खारजमिनीतल्या शेतकऱ्यांसाठी होती. म्हणाल्या, "भाषा बघून दे. मला मुद्दा येतो, वाक्य येत नाही." मी वाक्यं नीट केली. मुद्दा मला तेव्हा कळला नव्हता. पुढे त्यांनी तो मला इतक्यांदा समजावला की आता मी तो झोपेतही सांगू शकते. त्याचा आता उपयोग नाही, तरी सांगते.

पेणच्या खाडीकाठी दिवखार नावाचं गाव आहे. ताई तिथल्या. वडील गुणाजी म्हात्रे पावसाळ्यात भात लावायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर कामाला जायचे. गावाची सगळी शेती खाडी अडवून केलेली. मातीचा लांब बांध, त्याच्या बाहेर खारं पाणी, आत भात. मुलींत पेणला चालत जाऊन शिकणाऱ्या ताई पहिल्या. विज्ञानाची पदवी घेतली आणि एका संशोधन केंद्रावर कनिष्ठ सहायक म्हणून लागल्या.

केंद्रावर खाऱ्या पाण्यात तगणारं भात शोधायचं काम चाले. पद्धत सोपी होती. ट्रेमध्ये रोपं वाढवायची, त्यांना मिठाचं पाणी द्यायचं, जी जगतील ती चांगली. ताईंना ते पटेना. त्यांच्या वडिलांच्या शेतात रोपं कधीच मरत नसत. पावसाने मीठ धुऊन गेलेलं असे, भात हिरवंगार उभं राही. गणपतीनंतर पावसाने उघडीप दिली की मीठ पुन्हा वर येई. नेमका तेव्हाच भाताला फुलोरा असतो. लोंब्या सुंदर दिसत. झोडायला घेतल्या की निम्म्या पोचट.

"रोपाची परीक्षा घेऊन काय करायचं," ताई म्हणायच्या. "खरी परीक्षा फुलाची. भाताचं फूल सकाळी उन्हं वर आली की उघडतं, तास-दोन तासांत मिटतं. तेवढ्यात मिठाने ते जाळलं तर दाणा भरत नाही. आणि रोप मीठ सोसतं म्हणून फूल सोसेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

हे त्या पंचविशीत बोलल्या होत्या. साहेब म्हणाले, आधी डॉक्टरेट करा. डॉक्टरेटसाठी मार्गदर्शक म्हणाले, आधी विषय बदला. मधल्या काळात तो निबंध तेवढा छापून आला. मग त्यांची बदली माती तपासायच्या कामावर रोह्याला झाली. केंद्रावरच्या त्यांच्या बियाण्याच्या पिशव्या कोणीतरी साफसफाईत टाकून दिल्या. ताईंनी त्याबद्दल कोणाला दोष दिलेला मी ऐकला नाही. "पिशवीवर नाव माझं होतं. माझं म्हणजे कोणाचंच नाही, असं वाटलं असेल त्यांना," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्याकडे त्याच बियाण्याचा एक वाटा घरी होता. तो त्यांनी वडिलांच्या शेतात, अगदी बांधालगतच्या तुकड्यात पेरला. बांधाखालून पाणी झिरपतं म्हणून त्या तुकड्यात गावात सगळ्यात जास्त मीठ. दुसऱ्या कोणी तो फुकटही घेतला नसता. ताईंना तोच हवा होता. दर वर्षी फुलोऱ्यात त्या रजा काढून जायच्या. गुडघाभर चिखलात उभं राहून कोणत्या झाडाचं फूल वाया जात नाही ते बघायचं, त्याच्या लोंबीला दोरा बांधायचा, तेवढंच बी पुढच्या वर्षाला ठेवायचं. लग्न केलं नाही. वडील गेले, भाऊ गेला. आता शेत भाच्याकडे, म्हणजे भावाचा मुलगा केरू याच्याकडे आहे. ताईंचा तो तुकडा त्याने कधी मागितला नाही.

"आत्याचा नाद हाय तो," केरू मला म्हणाला होता. "कोणाला पत्त्याचा असतो, कोणाला दारूचा. आमच्या आत्याला मिठाचा."

कोकणातल्या दमट हवेत भाताचं बी डब्यात फार टिकत नाही. पेरत राहावं लागतं. आदल्या वर्षी ऐन कापणीला ताई खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होत्या. भात पावसात भिजलं, बुरशी लागली. जुन्या डब्यांतलं बी त्यांनी उन्हाळ्यात ओल्या फडक्यात बांधून बघितलं. एकही मोड आला नाही. भिजलेल्या भातातून चांगलं निघालं ते मूठभर. ते त्यांनी सगळं पेरलं.

"थोडं ठेवा ना," मी म्हणाले होते.

"मुठीचे दोन वाटे केले तर निवड कशातून करू? आणि ठेवलेलं तरी कुठे जगतंय?"

हर्षद आला तेव्हा ते भात शेतात उभं होतं. त्याला खूप आधी यायला हवं होतं, असं तो दोनदा म्हणाला. मग ठरलं की दिवाळीत कापणी झाली की तो येईल आणि बी घेऊन जाईल. त्याच्या विद्यापीठात शीतगृह आहे. तिथे बी पन्नास वर्षं टिकतं. वाणाला नाव द्यावं लागतं.

"काय नाव देऊ?" त्याने विचारलं.

ताई हसल्या. "चाळीस वर्षं मी त्याला नुसतं 'ते' म्हणते."

"मी सगुणा म्हात्रे लिहीन. पूर्ण. म्हणजे कोणी सर म्हणणार नाही."

तो गेल्यावर ताईंनी चहा केला. दोन कप गाळले आणि स्वतःचा प्यायला विसरल्या.

सर्वपित्री अमावास्येच्या उधाणाला आम्ही दिवखारला होतो. फुलोरा होऊन गेला होता. दाण्यात दूध भरत होतं. ताईंनी एक दाणा नखाने दाबला, पांढरा थेंब आला. लोंब्या भरलेल्या होत्या, जवळजवळ सगळ्या. ताई एका लोंबीवरून हात फिरवून दुसरीकडे गेल्या.

दुपारी भरती चढली तेव्हा बांधाला खांड पडली. आधी खेकड्याच्या बिळातून पाण्याची चूळ आली, मग मातीचा लचका गेला, मग बैलगाडी जाईल एवढं भगदाड. ताईंच्या तुकड्यापासून अगदी जवळ. कोणीतरी ओरडत गावात धावलं.

दिवखारचा रिवाज जुना आहे. खांड पडली की प्रत्येक घरातून एक माणूस. पाणी ओसरू लागलं की पुढच्या भरतीच्या आत भगदाड बुजवायचं. चिखल जवळच्या शेतातून घ्यायचा. शेत कोणाचं, त्यात काय उभं आहे, हे विचारायचं नाही. विचारत बसलं तर गावाचं सगळं भात जातं आणि पुढची तीन वर्षं जमीन काही देत नाही. ज्याचा चिखल घेतला त्याचा खड्डा गावाने पावसाच्या आत भरून द्यायचा. यावरून तिथे कधी भांडण झालेलं नाही.

काळुराम म्हणून म्हातारे आहेत. बांधाचं त्यांना कळतं. त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितलं आणि केरूला म्हणाले, "हितनं काप."

"ते ताईंचं शेत आहे," मी म्हणाले.

"मला म्हायत हाय, पोरी. बाजूच्यात कमरंएवढं पानी हाय. त्यातला चिखल हातात ऱ्हातोय काय? ही माती चिकट हाय. हीच धरंल."

"महिन्याभरात कापायचं आहे ते. त्याचं बी जगात कुठे नाही."

काळुराम माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं होतं. पण महिना त्यांच्याकडे नव्हता, रात्रीची भरती होती. ते ताईंकडे वळले. रिवाज मोडून त्यांनी विचारलं.

"सगुणे, तू बोल."

ताई तुकड्याच्या कडेला काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी बांधाकडे बघितलं. मग आतल्या बाजूला, जिथे गावाची सगळी भातं टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरली होती.

"वरच्या अंगानं सुरू कर, काळूदादा," त्या म्हणाल्या. "खालच्या अंगाला मी हाय. जमेल तेवढी उपटते."

"जमंल तेवढी उपट. फावडी थांबायची नायत पण."

"थांबवू नको."

माणसांची रांग लागली. चिखलाचे गोळे कापायचे आणि हातोहात बांधापर्यंत पोचवायचे. मी ताईंबरोबर उपटायला वाकले तेवढ्यात केरूच्या बायकोने, रंभाने, माझा दंड धरला. "ए गो, हितं ये. मधे जागा मोकळी हाय, गोळा पडतोय." मी ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा."

मी रांगेत उभी राहिले. डावीकडून गोळा यायचा, उजवीकडे द्यायचा. गोळ्यांतून मुळं लोंबत होती. काहींवर अख्खं झाड असायचं, लोंबीसकट. पहिल्या काही गोळ्यांवरच्या लोंब्या मी तोडून ओच्यात टाकल्या. मग पलीकडचा माणूस म्हणाला, "बाय, हात चालव." त्यानंतर मी नुसते गोळे दिले.

मान वळली की ताई दिसायच्या. मोडलेल्या खुब्याने नीट वाकता येत नव्हतं, म्हणून त्या चिखलात बसल्या होत्या. बसल्या बसल्या एकेक चूड, म्हणजे भाताचा झुबका, मुळांसकट काढून रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ठेवत होत्या. दोरा बांधलेली आधी. फावडी त्यांच्या दिशेने येत होती. त्या मागे मागे सरकत होत्या. एकदा त्यांनी वर बघून फावडं मारणाऱ्याला सांगितलं, "अरे, खोल मार. वरचा पोकळ हाय."

अंधार पडायच्या आत खांड बुजली. रात्रीच्या भरतीला बांध टिकला. ताईंच्या तुकड्याच्या जागी खाऱ्या पाण्याचं तळं झालं.

बादल्या केरूच्या पडवीत ठेवल्या. ताई रोह्याला परतल्या नाहीत, तिथेच राहिल्या. दुधात असलेलं भात उपटलं की झाड दाण्याकडचं सगळं सोडून आधी स्वतःला वाचवतं, असं त्यांनी मला सांगितलं. तरी त्या रोज सकाळी पानांवर पाणी मारत. रंभा कोंबड्यांना हाकलत बसायची. तिने कोंबड्या शेवटी टोपलीखाली कोंडल्या. पानं पिवळी पडली. लोंब्या वाळल्या. दाणे चपटे राहिले, नखाने दाबले तर आत काही नाही. जे जरा फुगलेले वाटत होते ते ताईंनी वेचले. मी ओच्यात आणलेल्या लोंब्यांचेही वेचले. फडक्यात बांधले, ओले ठेवले. रोज सकाळी आम्ही फडकं उघडायचो. रंभा मागे उभी राहून बघायची.

"आला काय गो मोड?"

"नाही."

"उद्या येल."

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला वास यायला लागला. ताईंनी फडकं धुऊन दोरीवर टाकलं.

हर्षद दिवाळीत आला. मी फोनवर सांगितलं होतं, तरी आला. कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा बरोबर होता. त्याने वाळलेल्या चुडांची पानं कापली आणि पाकिटांत भरली. पानांतून जनुकांची माहिती काढता येते, तो म्हणाला. झाडात काय होतं ते वाचता येईल.

"आणि पेरता?" ताईंनी विचारलं.

तो खाली बघत होता. "नाही, ताई. पेरता नाही येणार."

"वाचून तसंच दुसरं करता येतं?"

"सगळ्या गोष्टी माहीत असत्या तर. अजून नाहीत."

"मग फुलात नक्की काय चालायचं ते?"

"तेच बघायचं होतं मला. उभ्या झाडावर."

ताईंनी मान हलवली. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं, मुलाला ते स्वतः सांगू द्यावं म्हणून विचारलं असावं. पाकिटावर वाणाचं नाव लिहायची जागा होती. तिथे त्याने नमुना क्रमांक लिहिला. नाव बियाण्याला देतात. 

मे महिन्यात केरूचा फोन आला, "आत्या, ये. तुझं शेत भरून दिलंय गावानं."

आम्ही गेलो. बांधावरून काळुराम सामोरे आले, मागे अर्धं गाव. खड्डा भरला होता. नुसता भरला नव्हता. टेकडीजवळची लाल गोडी माती ट्रॅक्टरने आणून वरपर्यंत टाकली होती. झिरपणारं पाणी येऊ नये म्हणून बांधाच्या बाजूला दगड आणि चिकणमाती ठोकून बसवली होती. खाडीचा चिखल टाकून भरला असता तर दोन दिवसांचं काम. त्यांनी पंधरवडा घातला होता.

"रिवाज खड्डा भरायचा हाय," काळुराम म्हणाले. "पन आमी म्हटलं, सगुणेनं जलमभर खारी जमीन कसली. आता हिला गोडी देऊ. एक खडा मिठाचा नाय, बघ."

त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि चव नाही म्हणून हसले. ताईंपुढे हात केला. ताईंनीही चाखली.

मला वाटत होतं, त्या आता काही बोलतील. ते मीठच तर हवं होतं, असं म्हणतील. हर्षदने कुठून तरी जुन्या वाणाचे चार दाणे मिळवले असते तरी आता त्यांची परीक्षा घ्यायला जागा उरली नव्हती.

"बरं केलंत," ताई म्हणाल्या. "कष्ट घेतलेत फार."

कोणीतरी शाल आणली होती. रंभाने ती त्यांच्या खांद्यावर घातली. मे महिन्यात, खाडीकाठच्या उन्हात, ताई ती शाल घेऊन बसल्या.

परतीच्या गाडीत नागोठणं गेल्यावर ताईंनी शालीची घडी घातली. मग म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस."

"काय?"

"कशासाठी होतं ते. आता कळून काय करतील? मनाला लावून घेतील."

जुलैत एका सकाळी ताई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. पेपरात चार ओळी आल्या. माती परीक्षण विभागातील निवृत्त कर्मचारी. मी पेपरवाल्यांना फोन केला, सगळं सांगितलं. ते सौजन्याने ऐकत होते. म्हणाले, पुरस्कार वगैरे काही असेल तर पाठवा, छापू. हर्षदला कळवलं. त्याने एवढंच लिहिलं की निबंधाचा उल्लेख तो करील. बाकी दाखवायला काही नाही.

त्या पावसाळ्यात केरूने तुकड्यात पेणच्या दुकानातलं पिशवीतलं बियाणं पेरलं. गोड्या मातीत ते जोरात आलं. कापणी झाली तशी रंभाने मला बोलावून घेतलं. पडवीत तांदळाची छोटी पोती ओळीने लावली होती. रामवाडीला हायवेच्या कडेला केरूच्या मित्राची टपरी आहे, तिथे विकायला ठेवणार होते.

"गावात समदे ह्याला तायचा तांदूळ म्हंतात," रंभा म्हणाली. "तायच्या शेतातला म्हनून. म्हटलं, नावच टाकू. तुझं शिक्षान त्यातलं. अक्षर बरं असंल. लिव्हून दे गो."

केरूने जाड शाईचं पेन पुढे केलं. "पूर्न लिव्ह. सगुणा म्हात्रे. आत्याचं नाव कुठं तरी लागू दे."

मी म्हणाले, "हा ताईंचा तांदूळ नाही, केरूदादा. त्यांचा वेगळा होता."

"म्हायत हाय. तो खारा. राठ लागायचा खायाला," केरू म्हणाला. "पन मानूस तीच ना?"

रंभा माझ्याकडे बघत होती. त्या कोंबड्या तिनेच टोपलीखाली कोंडल्या होत्या.

मी पेन घेतलं. पहिल्या पोत्यावर लिहिलं, सगुणा म्हात्रे. अक्षर चांगलं आलं. रंभाने ते पोतं उचलून भिंतीला लावलं आणि दुसरं माझ्यापुढे सरकवलं.